खांबाचं नाव शेवंती

"हात सोडू नको हां शेवंते," असं ओसरीवरच्या खांबाला बजावून सासूबाई मागे झुकल्या.

खांबाला त्यांची जुनी सुती साडी बांधलेली, तिची दोन्ही टोकं त्यांच्या मुठीत, पाय खांबाच्या बुडाशी रोवलेले आणि अख्खं शरीर मागे कललेलं. चौपन्न वर्षांची बाई सकाळी साडेसहाला अशी लटकलेली पाहून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू तोंडाशीच राहिला. सायकल धरून तो अंगणात थिजला. पिशवीत पाव टाकता टाकता त्याने मला हळूच विचारलं, म्हातारीला काही बाहेरची बाधा वगैरे झाली आहे का. मी म्हटलं, बाधा नाही हो, योगासनं. त्याने मान डोलावली, एक उंडा पाव जास्तीचा टाकला आणि निघून गेला. त्याची काही खात्री पटलेली दिसली नाही.

"अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास." सासूबाई सरळ झाल्या. घाम पुसला आणि खांबाच्या पाठीवर थाप मारली. आज शेवंती बरी राहिली म्हणाल्या, काल फार ओढत होती.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या शिगम्याआधीची गोष्ट. मी गोव्यातल्या सुर्ल्याला सून म्हणून येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझं माहेर आरोंद्याचं, नदीच्या पलीकडचं, त्यामुळे सासूबाईंची बोली मला परकी नव्हती; त्याही मूळच्या पेडण्याकडच्या, पार्स्याच्या. मी गावातल्या मराठी शाळेत शिकवत होते आणि माझा नवरा गुरुदास खनिजाचा ट्रक चालवत होता. सकाळी आठला ट्रकांची रांग सुरू झाली की लाल धूळ घरात घुसायची, म्हणून आठच्या आत जे काही करायचं ते करून दारं-जनेलं घट्ट लावायची. आमची योगासनं या धुळीच्या आधीची.

आता खांबाचं नाव शेवंती का, ते सांगते.

शेवंती म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या घरातली शेवंतीमावशी. तीही पार्स्याचीच, सासूबाईंच्याच वाडीवरची. दोघींची लग्नं एका वर्षाच्या अंतराने झाली, दोघी सुर्ल्यात आल्या आणि दोघी खाणीवर पाट्या वाहू लागल्या. यंत्रं यायच्या आधी खनिज बायकांच्या डोक्यावरूनच हलायचं. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. एकीने बसायचं, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि "हात दी गो" म्हणायचं. दुसरीने पाटी उचलून तिच्या डोक्यावर द्यायची. म्हणून प्रत्येक बाईची एक जोडीदारीण ठरलेली. विमला आणि शेवंती ही जोडी एकवीस वर्षं टिकली. दिवसाला किती पाट्या, ते मी एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, मोजल्या असत्या तर उचलल्या नसत्या.

आणि त्या कामाचा एक नियम होता. उचलून देणारीने कधीही "जड" म्हणायचं नाही. पाटी कितीही दाबून भरलेली असो, तोंडातून शब्द काढायचा नाही. कारण जिच्या डोक्यावर ओझं चढणार आहे तिने तो शब्द ऐकला की तिचे पाय तिथेच लटपटतात. नवी बाई आली की तिला पाटी उचलायच्या आधी हे शिकवायचे. एकवीस वर्षांत या दोघींनी एकमेकींना कधी जड म्हटलं नाही. यंत्रं आली, पाट्या गेल्या, जोडी मात्र तशीच राहिली, फक्त आता चवथीच्या फुगडीत दिसायची. दोन्ही हात फुलीसारखे एकमेकींत गुंतवून, पाय जुळवून, मागे झुकून त्या गरगरायला लागल्या की जवान पोरी कडेला होऊन बघत राहायच्या.

आणि मग गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची, सत्त्याऐंशीची चवथ आली.

आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. वर फळापानांची माटोळी लोंबते आहे, समोर गणपती, आणि मध्ये या दोघी रंगात आलेल्या. अचानक सासूबाईंच्या कमरेत उसण भरली. हात सुटला. शेवंतीमावशी भिंगरीसारखी गेली ती थेट सोप्याच्या, बसायच्या कट्ट्याच्या, कडेवर आपटली. डावं मनगट मोडलं. सगळ्या बायका धावल्या. सासूबाई जागच्या जागी कमरेवर हात ठेवून उभ्या, चेहरा पांढराफटक. कोणीतरी म्हणालं, विमले, हात कसा गो सुटला तुझा? आणि एवढ्या बायकांत, गणपतीच्या पुढ्यात, आमच्या सासूबाई म्हणाल्या, "मी काय करू? तीच जड झाली हा."

दोघीतिघी हसल्या. शेवंतीमावशी हसली नाही. तिने मोडलेला हात उजव्या हातात धरला, सासूबाईंकडे एकदा बघितलं आणि चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा जयराम तिला पणजीला घेऊन गेला. तिथे त्याची नोकरी होती, भाड्याचं घर होतं. प्लास्टर निघालं तरी ती परत आली नाही.

सासूबाईंचा स्वभाव म्हणजे मोडेन पण वाकणार नाही. पंधरा दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही. मग एका दुपारी मी वह्या तपासत बसले होते, त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. बसल्या म्हणजे भिंत धरून, कण्हत, कशाबशा.

"शेवंती जड नाय झाल्ली गो नंदा," त्या म्हणाल्या. "माजीच कंबर गेल्ली. आनी मी तिका जड म्हटलंय."

आणि रडल्या. सासूबाईंना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. पदर दिला. पाणी दिलं. म्हटलं, आई, एवढंच ना, पणजीची बस पकडू, जाऊन माफी मागू, मीही येते. त्यांनी मान हलवली.

"तोंडान काय जाता? तोंडानच तर घाण केलंय. हातानच निस्तरूक व्हया." मग माझ्या वह्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तू शाळेत पोरांका तां वाकूचा-बिकूचा शिकयतंस, तां माका शिकव. फुडल्या चवथीक माका तिचे हात धरूचे आसत."

मी डी.एड.ला होते तेव्हा सावंतवाडीला एक योगाचे सर येत. ते जे शिकवायचे, तेच मी शाळेत मुलांकडून करून घेत होते. घरी शिष्या मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि तीही सासू. सुनेने सासूला वाकवायचं म्हणजे काय, विचार करा. माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिल्या दिवशी कळलं की वाकवायला काही शिल्लकच नाही. एकवीस वर्षं डोक्यावर ओझं वाहिलेली मान आणि कंबर, दोन्ही सळईसारखी. पाय पसरून बसा, हात पुढे न्या, म्हटलं. हात गुडघ्यावर जाऊन थांबले. वज्रासनात बसताना गुडघ्यांचा असा कडकड आवाज झाला की बाहेर सोप्यावर पेपर वाचणारे मामंजी कोण लाकडं फोडतंय म्हणून आत डोकावले. सासूबाईंनी त्यांना हाकलून दिलं.

शिष्याही अशी की मेलं गुरूलाच शिकवायची. शवासनाला त्यांनी साफ नकार दिला. मेल्यावर निजायचंच आहे, आता कशाला सराव, म्हणाल्या. शेवटी मी त्याचं नाव बदलून "विश्रांती" ठेवलं, तेव्हा आडव्या झाल्या, तेही पाय दक्षिणेला नाहीत ना हे दोनदा विचारून. भुजंगासन म्हटलं की त्या कपाळाला हात लावायच्या, सकाळच्या प्रहरी त्या जनावराचं नाव घेऊ नये म्हणून. मग त्याचं झालं "डोकं वर". मार्जारासन मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं. मांजर कसंही वाकलं तरी त्याची कंबर मोडत नाही, माणसाचीच मोडते, असं काहीतरी त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

पण एक सांगते, एकाही सकाळी त्यांनी दांडी मारली नाही. ताप होता तरी नाही. मीच कधी लोळत पडले तर दार वाजवायच्या. कासोटा घालून, वाकळ अंथरून तयार. दिवाळीला हात नडगीपर्यंत पोचले. नाताळच्या सुट्टीत एके सकाळी त्या जमिनीवरून कशालाही न धरता उठल्या आणि आपण उठलो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी सांगितलं तेव्हा परत खाली बसल्या आणि परत उठल्या, असं चार वेळा करून बघितलं.

खांबाची युक्ती त्यांची स्वतःची. कमरेला बळ येतंय, पण हातांचं काय, फुगडी हातांवर असते, असं म्हणत त्यांनी साडी शोधून काढली. पहिल्या दिवशी दहापर्यंत मोजलं. खांबाला शेवंती कधीपासून म्हणू लागल्या ते मला सांगता येणार नाही. आधी नुसतं "सोडू नको" म्हणायच्या. मग पार्स्याच्या गजाली सांगू लागल्या, कुठल्या काजूच्या झाडावर कोण चढायची, कोणाच्या लग्नात कोण रुसली होती. एकदा तर खांबाशी भांडलेल्याही मी ऐकल्या. तूही मला एक चिठ्ठी पाठवली नाहीस, मी चुकले पण तू काय दगड आहेस, असं बोलून झाल्यावर त्यांनी पन्नासऐवजी साठ आकडे मोजले.

गुरुदास या सगळ्याला सर्कस म्हणायचा. सर्कशीत आता वाघ कधी आणायचा, असं जेवताना विचारायचा. बारा वर्षं ट्रकच्या सीटवर बसून त्याची स्वतःची पाठ खुर्चीसारखी झाली होती, पण बोलायची सोय नव्हती. एकदा शाळा लवकर सुटली आणि मी घरी आले, तर हा वाकळीवर पालथा पडून "डोकं वर" करतोय आणि सासूबाई शेजारी बसून त्याला मोजून देतायत. मला बघून म्हणाला, खाली रुपया पडला होता तो शोधत होतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ओसरीवर तीन वाकळी पडू लागल्या.

शिगम्याच्या पाचव्या दिवशी अंगठा लागला. पाय सरळ, गुडघे जमिनीला टेकलेले, आणि सासूबाईंच्या दोन्ही हातांची बोटं पायाच्या अंगठ्यांभोवती. त्यांनी श्वास रोखला होता, मी पण रोखला होता. मग त्या मान वर न करताच हळूच म्हणाल्या, "पावलंय गो." मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्या पाठीवर धपाटाच घातला. सुनेने सासूला धपाटा घातला, आणि सासू हसतेय. त्या दिवशी गुरुदासने जत्रेतून किलोभर खाजं आणलं आणि सासूबाईंनी वाडीभर वाटलं. कशाबद्दल म्हणून विचारलं तर सांगायच्या, घरातलं एक जुनं मोडलेलं सामान दुरुस्त झालं.

चवथीला सहा महिने होते. मी मनातल्या मनात चित्र रंगवू लागले होते, शेवंतीमावशी येतेय, या हात पुढे करतायत, सगळ्या बायका बघतायत. माझा जीव नुसता नाचत होता.

आषाढात मला शाळेच्या कागदांसाठी पणजीला जावं लागलं. राजभाषेचा वाद झाल्यापासून मराठी शाळांतल्या आम्हा मास्तरणींना जरा काही झालं की धाकधूक व्हायची, कागद चोख असलेले बरे. ऑफिसातलं काम आटोपून स्टँडवर आले, तर बाकावर जयराम दिसला. त्याच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. मी जयरामशी बोलू लागले आणि ती म्हातारी हसली, तेव्हा मला कळलं की ही शेवंतीमावशी.

निम्मीसुद्धा राहिली नव्हती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. पोटाचं दुखणं होतं, इस्पितळातून आले होते दोघं. जयराम तिकिटं काढायला गेला तेव्हा तिने मला जवळ बसवून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "विमला अजून रागावलेली आसा माज्यार?"

कोण कोणावर रागावलंय, आणि कोण वर्षभर कोणासाठी खांबाला लटकतंय.

"खरांच जड झाल्लंय गो मी तेव्हा," ती म्हणाली. "पोटात पाणी भरल्लां, माकाच कळाक नाय. तिचो हात सुटलो ह्यात तिचो दोष नाय. दाक्तरान पाणी काढलां, आनी मग ह्या दुखण्यान सगळांच काढून नेल्यान."

हे सांगून ती परत हसली. मी तिला खांबाची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, पोदेरापासून खाज्यापर्यंत. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि खांबाचं नाव ऐकल्यावर तिने पदर तोंडात कोंबला. चवथीला ती येणार होती, जयरामने कबूल केलं होतं. पण एक वचन तिने माझ्याकडून घेतलंच. तिच्या दुखण्याचं विमलाला सांगायचं नाही. सांगितलं तर ती फुगडी घालणार नाही, नुसती रडत बसेल, आणि मला रडायला यायचं नाही, फुगडी घालायला यायचंय, म्हणाली.

सुर्ल्याच्या बसमध्ये मी वाटभर रडले. कोणासाठी, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. सासूबाई वर्षभर ज्या वजनासाठी दंड कमावत होत्या ते वजनच उरलं नव्हतं. त्या सवयीने खांबाला झुकतात तशा मागे झुकल्या तर ही बाई उडून जाईल. मागच्या वर्षी हात सुटून पडली, यंदा हात धरूनही पडेल.

घरी पोचेपर्यंत मी डोळे धुतले होते आणि माझं ठरलंही होतं. वचन मोडायचं नव्हतं, पण मी गुरू होते, काय शिकवायचं ते माझ्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांबाची साडी सोडून घडी घालून ठेवली. म्हटलं, आई, आता खांब बंद. आता उत्कटासन. म्हणजे खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, कशालाही न धरता, आपलं वजन आपल्याच मांड्यांवर तोलायचं.

सासूबाई बिथरल्या. शेवंती कुठे आहे, म्हणाल्या. धरायला कोणी नको का? फुगडी काय एकटीने घालायची असते?

मी म्हटलं, आई, जी फुगडी घालताना स्वतःचं वजन दुसरीवर टाकत नाही, तिचा हात कधी सुटत नाही. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, पकडलं यांनी. पण त्यांनी गुडघे वाकवले आणि त्या अधांतरी बसल्या. मांड्या थरथरत होत्या. श्रावण संपेपर्यंत त्या तशा बसून शंभर मोजायच्या, आणि वाकलेल्या गुडघ्यांनी जागच्या जागी गोल फिरायच्याही. गुरुदास तिसऱ्याच फेरीला आडवा व्हायचा.

चवथ आली. शेवंतीमावशी आदल्या संध्याकाळी आल्याचं कळलं, पण घराबाहेर पडली नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. सासूबाई आरतीला उभ्या असत, पण नजर दाराकडे. तिसऱ्या दिवशी चार वाजता बायका जमायला लागल्या तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, चल. आम्ही तिसऱ्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत काळोखी होती आणि शेवंतीमावशी भिंतीला टेकून बसली होती, अंगावर शाल गुंडाळून.

सासूबाई आत गेल्या नाहीत. मला वाटलं होतं आता माफी मागतील, वर्षभर खांबाला सांगितलेलं सगळं सांगतील. त्यातलं काही नाही. उंबऱ्याबाहेर त्या उकिडव्या बसल्या, खाणीवर चुंबळ ठेवून बसायच्या तशा, पाठ ताठ, मान सरळ. आणि म्हणाल्या, "हात दी गो."

आतून शाल बाजूला पडल्याचा आवाज आला.

आमच्या घरी दोघी गणपतीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा बायकांनी मागे सरकून जागा केली. आता शाल नव्हती, आणि मावशी किती झडली आहे ते सगळ्यांना दिसत होतं. सासूबाईंनाही उजेडात आता पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांनी हात पुढे केले, शेवंतीमावशीने आपले हात त्यांत गुंतवले. मी समोरच होते. सासूबाईंच्या बोटांत तिची बोटं आली त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. मनगटाचं हाड हाताला लागलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खांब का बंद केला, ते त्यांना आता कळलं होतं. मला वाटलं, आता या हात सोडतील आणि रडायला बसतील, आणि माझं वचनही गेलं आणि फुगडीही.

सासूबाईंनी गुडघे वाकवले. मागे झुकल्याच नाहीत. अधांतरी बसल्यासारख्या खाली आल्या, सगळं वजन आपल्याच पायांवर घेतलं आणि फिरायला लागल्या. आधी सावकाश. मग जरा वेगाने. शेवंतीमावशीचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, आणि ती मात्र जुन्या सवयीने मागे झुकली होती, मान टाकून, वरच्या माटोळीकडे बघत. बायकांनी गाणं धरलं. कोणी टाळ्या धरल्या. माझ्या शेजारी गुरुदास उभा होता, एरवी बायकांच्या फुगडीत पुरुष थांबत नाहीत, पण तो थांबला होता आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. शंभराच्या पुढे गेला. मी आयुष्यात इतकी चांगली फुगडी पाहिलेली नाही. दोघींत मिळून जेमतेम दीड बाईचं वजन, आणि एकही पाय चुकत नव्हता.

आणि तशा फिरता फिरता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सासूबाई म्हणाल्या, "जड आसस गो अजून. हात ओढले माजे."

गेल्या वर्षी हसल्या त्याच बायका होत्या. या वेळी कोणी हसलं नाही. हसली ती फक्त शेवंतीमावशी, फिरता फिरता, तोंड उघडून, अगदी पोरीसारखी. "आसतलंयच," म्हणाली. "काय समजलंस?"

सासूबाईंनी तिला हळूहळू थांबवलं, थांबवून दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि सोप्यावर नेऊन बसवलं. मग स्वतः आत स्वयंपाकघरात गेल्या आणि नेवऱ्या-करंज्यांचा डबा काढायच्या निमित्ताने बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी आत गेले नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जयराम आईला परत पणजीला नेणार होता. इस्पितळाची तारीख होती. वाडीतल्या घराघरांतून जे काही आलं ते सगळं एका पाटीत भरलं होतं, नारळ, नीरफणस, पातोळ्या, वर माटोळीतली सुपारीची घोसदार शिंपुटं. जयराम पाटी उचलायला वाकला तर सासूबाईंनी त्याला बाजूला केलं. माळ्यावरून आपली जुनी चुंबळ त्यांनी सकाळीच काढून आणली होती.

सणाचे दिवस म्हणून ट्रक बंद होते. रस्ता लाल होता, पण धूळ नव्हती. सासूबाई पाटीसमोर बसल्या, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि समोर न बघता म्हणाल्या, "हात दी गो शेवंते."

शेवंतीमावशी पुढे आली. तिने दोन्ही हात पाटीच्या काठाला लावले. सासूबाईंचे हात खालून होते. पाटी वर गेली, डोक्यावर बसली, आणि सासूबाई कशालाही न धरता सरळ उठून उभ्या राहिल्या. मावशीची बोटं काठाला नुसती टेकलेली होती, ते मला दिसलं. जयरामलाही दिसलं असणार, कारण तो उगाच चप्पल घालायला वळला.

"जड आसा काय गो?" सासूबाईंनी पाटीखालून विचारलं.

शेवंतीमावशी धापा टाकत होती. तिने हात झटकले, पदर कमरेला खोचला, आणि काही बोलली नाही. उचलून देणारीने बोलायचं नसतं.